लंडन ते रोम किती लांब? अंतर आणि फ्लाइट टाइम स्वतः कसा काढायचा

"लंडन ते रोम अंतर" असं टाइप करून बघा, चार ठिकाणी चार आकडे दिसतील. कुठे १४३४, कुठे ८९१, कुठे ७७४, आणि कुठेतरी थेट १८५०. आणि गंमत म्हणजे चारही बरोबर आहेत. १४३४ म्हणजे सरळ हवाई अंतर किलोमीटरमध्ये, ८९१ म्हणजे तेच मैलात, ७७४ म्हणजे तेच नॉटिकल मैलात जे पायलट आणि एटीसीवाले (म्हणजे विमानांना जमिनीवरून मार्ग सांगणारे कंट्रोलर) वापरतात, आणि १८५० हा साधारण रस्त्याचा आकडा, म्हणजे गाडी घेऊन निघालात तर. फ्लाइट टाइमचंही तेच, कुणी २ तास सांगतो, कुणी अडीच, आणि तिकिटावर बघितलं तर साडेतीन तास गेल्यासारखे दिसतात. म्हणून म्हटलं एकदा सगळं नीट लिहून टाकू, लंडन-रोम घेऊन, कारण यूकेत शिकायला किंवा जॉबला असलेली आपली बरीच मंडळी लाँग वीकेंडला किंवा आईबाबा आले की इटलीचा प्लॅन करतातच. जोडी दुसरी असली तरी पद्धत हीच, फक्त आकडे बदलायचे.

आधी कुठून कुठे ते पक्कं करा. हे वाचून हसाल, पण लंडन कॅनडात ऑन्टारियोमध्येही आहे आणि रोम अमेरिकेत जॉर्जियामध्येही आहे, आणि काही अंतर काढणाऱ्या साइट गपचूप चुकीचं गाव उचलतात. उत्तर ६-७ हजार किलोमीटर वगैरे आलं तर हेच झालंय समजा. दुसरं म्हणजे शहर ते शहर अंतर आणि एअरपोर्ट ते एअरपोर्ट अंतर वेगळं. लंडनचा मध्य म्हणून परंपरेने चेरिंग क्रॉस धरतात, पण चेरिंग क्रॉसवरून काही विमान उडत नाही. लंडनच्या नावावर सहा एअरपोर्ट आहेत, हिथ्रो, गॅटविक, स्टॅनस्टेड, ल्यूटन, सिटी आणि साउथएंड. रोमला दोन, फ्युमिचिनो आणि चाम्पिनो. हिथ्रो ते फ्युमिचिनो साधारण १४४४ किलोमीटर, गॅटविकवरून थोडं कमी, १४०० च्या जरा वर, आणि स्टॅनस्टेड ते चाम्पिनो १४६० च्या आसपास. फरक मामुली आहे, विमानाला ५ मिनिटांचा सुद्धा नाही, पण तुम्हाला एअरपोर्टला पोचायला मात्र दीड तासाचा फरक पडू शकतो, ते पुढे येतंच.

आता अंतर स्वतः काढायचं कसं. सोपा मार्ग म्हणजे गूगल मॅप्सवर लॅपटॉपवरून लंडनवर राइट क्लिक, मेझर डिस्टन्स, मग रोमवर क्लिक, झालं. किंवा ग्रेट सर्कल मॅपर नावाची जुनी साइट आहे तिथे दोन्ही एअरपोर्टचे तीन अक्षरी कोड मध्ये डॅश देऊन टाका, हिथ्रोचा एलएचआर, फ्युमिचिनोचा एफसीओ, नकाशासकट उत्तर मिळतं. पण फोनच्या कॅल्क्युलेटरवर हाताने काढायला जाम मजा येते आणि दोन मिनिटांचं काम आहे, त्यामुळे ते दाखवतोच.

लंडन ५१.५१ उत्तर अक्षांश, ०.१३ पश्चिम रेखांश. रोम ४१.९० उत्तर, १२.५० पूर्व. अक्षांशातला फरक ९.६१, त्याला १११ ने गुणा कारण एक अंश अक्षांश म्हणजे साधारण १११ किलोमीटर, आले १०६७. ही झाली उत्तर-दक्षिण बाजू. आता रेखांश. लंडन शून्याच्या पश्चिमेला आणि रोम पूर्वेला म्हणून इथे वजाबाकी नाही बेरीज करायची, १२.६३. पण रेखांशाच्या रेषा ध्रुवाकडे जाताना जवळ जवळ येत जातात, त्यामुळे इथे नुसतं १११ ने गुणून चालत नाही, मधल्या अक्षांशाचा कोसाइन (कॅल्क्युलेटरवरचं cos बटण) लावावा लागतो. मधला अक्षांश ४६.७, त्याचा कोसाइन ०.६८६. तर १२.६३ गुणिले १११ गुणिले ०.६८६, आले ९६२ च्या आसपास. मग शाळेतला पायथागोरस, दोन्हीचे वर्ग करा, बेरीज करा, वर्गमूळ काढा. १४३६ येतं. खरा आकडा १४३४. दोन किलोमीटर इकडे तिकडे, एवढं तर टॅक्सीवेवरच जातं.

एकच काळजी घ्या, फोन आडवा केल्यावर जो सायंटिफिक कॅल्क्युलेटर येतो तो डिग्रीवर आहे का रेडियनवर ते बघा. ४६.७ चा कोस मायनस ०.९१ असा काहीतरी आला तर तो रेडियनवर आहे, बटण दाबून डिग्री करा. आणि ही युक्ती युरोपातल्या युरोपात ठीक आहे, लांबच्या अंतराला वापरू नका. मुंबई-लंडनला लावून बघितलं तर साडेसात हजाराच्या वर जातं आणि खरं अंतर ७२०० च्या आसपास आहे. पृथ्वी गोल असल्याचा हिशोब तिथे नीटच करावा लागतो, त्याला हॅवरसाइन फॉर्म्युला म्हणतात, ज्यांना एक्सेलची हौस आहे त्यांनी तो टाकावा, बाकीच्यांनी साइट वापरावी.

आता वेळ. इथे लोक जास्त गोंधळतात. या रूटवर बहुतेक एअरबस ए३२० फॅमिली नाहीतर बोइंग ७३७ असतं, दोघांचा क्रूझ स्पीड, म्हणजे वर पोचल्यावरचा स्थिर वेग, साधारण ८३० किलोमीटर ताशी. १४४४ भागिले ८३० केलं तर पावणेदोन तास येतात, पण विमान काही पहिल्या मिनिटापासून ८३० ने पळत नाही. वर चढताना हळू, उतरताना हळू, त्यात सरळ रेषेतही जात नाही, ठरलेल्या मार्गांवरून, कंट्रोलर सांगेल तसं, ढग चुकवत जातं. त्यामुळे १४४४ चे सहज १५०० च्या पुढे होतात. माझा ठोकताळा असा, हवाई अंतराला ८०० ने भागा आणि वर अर्धा तास टाका. १.८ तास म्हणजे १ तास ४८ मिनिटं, अधिक ३० मिनिटं, २ तास १८ मिनिटं. हे झालं टेकऑफ ते लँडिंगचं सुरक्षित अनुमान, कित्येकदा प्रत्यक्षात २ तास ५ मिनिटांतही उतरतं.

पण तिकिटावर जो वेळ असतो तो टेकऑफ ते लँडिंग नसतोच. एअरलाइनवाले त्याला ब्लॉक टाइम म्हणतात, म्हणजे गेटवरून विमान मागे ढकललं तिथपासून ते पलीकडे गेटवर लागून थांबलं तिथपर्यंत. हिथ्रोला रनवेपर्यंत जायला आणि रांगेत उभं राहायला १५-२० मिनिटं सहज जातात, त्यात एअरलाइन स्वतःची थोडी उशी ठेवते म्हणजे जरा लेट झालं तरी "ऑन टाइम" म्हणता येतं. म्हणून लंडन-रोम तिकिटावर २ तास ३० ते २ तास ४० दिसतं. तुमच्या डोक्यात मुंबई-दिल्ली असेल तर त्याच्यापेक्षा जरासं जास्त धरा, जेमतेम वीस-पंचवीस मिनिटं.

आणि त्या विशिष्ट फ्लाइटला खरंच किती लागतात ते बघायचं तर अंदाज करत बसू नका, फ्लाइटरडार२४ वर फ्लाइट नंबर टाका, मागच्या आठवड्याचा रेकॉर्ड फुकट दिसतो, रोज कधी सुटलं कधी उतरलं सगळं. रात्रीची शेवटची फ्लाइट रोज ४० मिनिटं लेट होत असेल तर ते तिथे लगेच कळतं, आणि त्यावरून मग शेवटची ट्रेन मिळेल का नाही ते ठरवता येतं. तिकीट काढायच्या आधी बघा, नंतर बघून काय उपयोग.

जाताना आणि येताना वेळ सारखा नसतो. युरोपवर उंचावर वारे साधारण पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतात, हिवाळ्यात जास्त जोरात. लंडनहून रोमला आग्नेयेकडे जाताना वारा थोडा मागून मिळतो, परत येताना समोरून लागतो, त्यामुळे येतानाचं शेड्यूल ५-१५ मिनिटं जास्त असतं. त्यात हिथ्रोला उतरायचं असेल तर अजून एक प्रकार. हिथ्रोच्या आजूबाजूला चार ठिकाणी विमानं एकावर एक थर लावून गोल गोल फिरवतात, बॉव्हिंग्डन, लँबोर्न, ऑकम आणि बिगिन. रोमकडून येणाऱ्याला बहुतेक बिगिन मिळतं. खिडकीतून तेच मैदान तेच गाव परत परत दिसायला लागलं तर घाबरू नका, काही बिघडलेलं नाही, नंबर लागायची वाट बघतंय. १०-१५ मिनिटं त्यात जाऊ शकतात आणि शेड्यूलमध्ये ती आधीच धरलेली असतात.

खिडकीचा विषय निघालाच तर, सरळ रेष लोझानच्या जवळून आल्प्स ओलांडून जेनोआच्या थोडं पुढे समुद्राला लागते, म्हणजे आल्प्सचं माँ ब्लाँ शिखर जाताना उजव्या हाताला. मार्ग रोज थोडा बदलतो आणि ढग असले तर काहीच नाही, पण दिवसाची फ्लाइट असेल आणि सीट निवडायला पैसे पडत नसतील तर उजवीकडची खिडकी घ्या.

टाइम झोन. ब्रिटनपेक्षा इटली १ तास पुढे. म्हणून लंडनहून १० ला सुटलेलं विमान रोमला १:३० ला पोचतं असं तिकिटावर दिसतं आणि लोक म्हणतात साडेतीन तास, नाही, अडीच. येताना उलटं, रोमहून २:३० ला सुटून लंडनला ४:१० ला पोचलं, दिसायला १ तास ४०, खरे २ तास ४०. दोन्ही वेळा नेहमी त्या त्या गावच्या असतात, म्हणून जाताना एक तास वजा करायचा आणि येताना मिळवायचा. घड्याळं पुढेमागे करायचा दिवस दोन्हीकडे एकच, मार्च आणि ऑक्टोबरचा शेवटचा रविवार, तेही एकाच क्षणी, त्यामुळे हा एका तासाचा फरक वर्षभर तसाच राहतो. भारताचं मात्र घड्याळ हलत नाही, म्हणून रोमहून घरी फोन करताना हिवाळ्यात साडेचार तास आणि उन्हाळ्यात साडेतीन तास धरा. रोममध्ये रात्री जेवून ९ ला निवांत फोन लावलात तर हिवाळ्यात पुण्यात दीड वाजलेला असतो, आईला उगाच धस्स होतं.

आता खरा मुद्दा, तुमचे एकूण किती तास जाणार. फ्लाइट अडीच तासाची असली तरी घरच्या दारापासून रोमच्या हॉटेलच्या दारापर्यंत साडेसहा-सात तास लागतात, आणि चुकीचा एअरपोर्ट घेतला तर नऊ. समजा तुम्ही हाउन्सलोला राहता. हिथ्रो हाकेच्या अंतरावर, पिकॅडिली लाइनने किंवा बसने अर्धा तास. एअरपोर्टवर २ तास आधी. फ्लाइट २:३०. रोमला इमिग्रेशन, सामान, पाऊण तास ते एक तास. मग लिओनार्डो एक्सप्रेस, फ्युमिचिनो ते टर्मिनी स्टेशन ३२ मिनिटं, मध्ये कुठे थांबत नाही, १४ युरो, बहुतेक वेळ दर १५ मिनिटांनी. बेरीज करा, साधारण साडेसहा तास.

आता तोच माणूस २५ पौंड वाचतात म्हणून स्टॅनस्टेडची सकाळी ६:३० ची फ्लाइट घेतो. स्टॅनस्टेड एक्सप्रेस लिव्हरपूल स्ट्रीटवरून सुटते आणि पाऊण-एक तास घेते, पण पहाटे लिव्हरपूल स्ट्रीटला पोचायचं कसं? नाइट ट्यूब फक्त शुक्रवार-शनिवार रात्री आणि तीही ठराविक लाइनींवर. म्हणजे नाइट बस नाहीतर कॅब, कॅबमध्ये ते २५ पौंड गेले आणि वर अजून गेले, झोपेचं खोबरं झालं ते वेगळंच. पलीकडे चाम्पिनोला उतरलात तर टर्मिनलमधून थेट ट्रेन नाही, टर्मिनीला बसने साधारण पाऊण तास, ट्रॅफिक असेल तर जास्त. चाम्पिनो वाईट नाही हं, छोटं आहे, पटकन बाहेर पडता येतं आणि शहराला फ्युमिचिनोपेक्षा जवळ आहे, पण जवळ म्हणजे लवकर असं नाही. उलट तुम्ही पूर्व लंडनमध्ये, स्ट्रॅटफर्ड किंवा ईस्ट हॅमला राहत असाल तर स्टॅनस्टेड तुमच्यासाठी झकास आणि हिथ्रो डोकेदुखी. म्हणून स्वस्त कुठलं ते बघायच्या आधी आपल्या घरून कुठलं ते बघा.

फ्युमिचिनोवरून दुसरी एक लोकल ट्रेन पण असते, एफएल१, ती स्वस्त आहे पण टर्मिनीला जात नाही, ट्रास्टेव्हेरे, ऑस्टिएन्से, टिबुर्टिना अशी जाते. हॉटेल ट्रास्टेव्हेरेकडे असेल तर हीच घ्या, टर्मिनीला जाऊन परत यायची गरज नाही.

भारतीय पासपोर्ट असेल तर अजून थोडा वेळ धरा. यूकेचा व्हिसा इटलीला चालत नाही, शेंगेन, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून चालणारा व्हिसा, वेगळा काढावा लागतो, प्रवासाच्या ६ महिने आधीपासून अर्ज करता येतो आणि निदान १५ दिवस आधी तरी करायलाच हवा. उन्हाळ्यात अपॉइंटमेंटच मिळत नाहीत, त्यामुळे तिकीट सेल दिसला की आधी अपॉइंटमेंट बघा मग तिकीट. काही स्वस्त एअरलाइन्समध्ये युरोपियन पासपोर्ट नसलेल्यांना सिक्युरिटीच्या आधी काउंटरवर जाऊन व्हिसा चेक करून घ्यावा लागतो, तुम्ही ऑनलाइन चेकइन करून फक्त पाठीवरची बॅग घेऊन आलात तरीही. ते न करता थेट गेटवर गेलात तर तिथून मागे पाठवतात आणि मग धावाधाव. तिकडे रोमला तुमची रांग "ऑल पासपोर्ट्स"ची, आणि १२ ऑक्टोबर २०२५ पासून शेंगेनच्या सीमेवर नवीन एंट्री-एक्झिट सिस्टिम टप्प्याटप्प्याने सुरू झाली आहे, शिक्क्याऐवजी नोंद कॉम्प्युटरवर, त्यामुळे पहिल्यांदा जाताना जरा जास्त वेळ लागू शकतो. एक तास धरलात तर टेन्शन नाही. उतरल्यावर लगेच दीड तासाने फ्लॉरेन्सची ट्रेन बुक करून ठेवणारे लोक बघितलेत, आणि स्वस्तातली तिकीटं तर बदलूनही मिळत नाहीत.

ट्रेनने जाता येतं का? येतं. लंडन सेंट पँक्रस ते पॅरिस युरोस्टार सव्वादोन-अडीच तास, पासपोर्ट कंट्रोल फ्रेंचसकट लंडनलाच होतो. पॅरिसला गार द्यू नॉर स्टेशनवरून गार द लियाँ स्टेशनला जायचं, आरईआर डी या लोकल ट्रेनने दोनच स्टॉप. तिथून मिलान साधारण ७ तास. हा मार्ग ऑगस्ट २०२३ मध्ये मोरियेन खोऱ्यात दरड कोसळून बंद पडला होता, तो ३१ मार्च २०२५ ला परत सुरू झाला. मिलान ते रोम सव्वातीन तासाच्या आत. मधले बदल, वाट बघणं धरून १५ तास होतात, एका दिवसात करायला गेलात तर एक गाडी लेट झाली की सगळी साखळी तुटते. त्यापेक्षा पॅरिस किंवा तुरिनला मुक्काम टाका, तुरिन तर फार दुर्लक्षित शहर आहे आणि हॉटेलही स्वस्त. घाईत असाल तर ट्रेन हा पर्याय नाही, सुट्टी असेल तर विमानापेक्षा हजारपट बरा.

गाडीने १८५० किलोमीटर म्हणजे नुसतं ड्रायव्हिंग १८-१९ तास, वर इंग्लिश चॅनल ओलांडायचे पैसे, फ्रान्स-इटलीचे टोल, माँ ब्लाँ बोगद्याचा वेगळा तगडा टोल. सामान शिफ्ट करत असाल तरच. पण यातून एक कामाचा ठोकताळा मिळतो, पश्चिम युरोपात हवाई अंतराला १.३ ने गुणलं की रस्त्याचं अंतर साधारण जवळपास येतं, १४३४ गुणिले १.३ म्हणजे १८६४, बघा. मध्ये मोठा समुद्र आडवा आला की मात्र हे कोलमडतं.

शेवटी पैशाची गोष्ट, कारण हे अंतर काढायचा एक रोकडा उपयोग आहे. फ्लाइट ३ तास किंवा जास्त लेट पोचली आणि चूक एअरलाइनची असेल तर भरपाई मिळते, आणि किती ते ठरतं हवाई अंतरावरून, तिकिटाच्या किमतीवरून नाही. सध्याच्या नियमात १५०० किलोमीटरपर्यंत रोमहून सुटणाऱ्या फ्लाइटला २५० युरो, लंडनहून सुटणाऱ्याला २२० पौंड, आणि १५०० ते ३५०० ला ४०० युरो किंवा ३५० पौंड. लंडन-रोम १४४४, म्हणजे थोडक्यात खालच्या गटात पडतं. पण एकाच तिकिटावर मँचेस्टर-हिथ्रो-रोम असेल तर मोजतात मँचेस्टर ते रोम, ते १६८० च्या आसपास जातं, म्हणजे ३५० पौंड. दोन वेगळी तिकिटं काढली असतील तर हे लागू नाही. आणि लेट मोजताना चाकं टेकली ती वेळ धरत नाहीत, विमानाचं दार उघडलं ती वेळ धरतात, युरोपियन कोर्टाने २०१४ मध्येच सांगितलंय. त्यामुळे २ तास ५५ मिनिटं लेट उतरलं आणि गेटवर शिडीची वाट बघत १० मिनिटं बसलात तर दार उघडताना मोबाइलवर फोटो काढून ठेवा, वेळेसकट.

खराब हवामान किंवा एटीसीचा संप असेल तर भरपाई नाही, फक्त जेवण, हॉटेल आणि दुसरी फ्लाइट. आणि इटलीत संप म्हणजे नेहमीचंच, शोपेरो म्हणतात, आधी जाहीर करून करतात, बऱ्याचदा शुक्रवारी. पण तिथे कायद्याने सकाळी ७ ते १० आणि संध्याकाळी ६ ते ९ या वेळातल्या फ्लाइट संपातही चालवाव्या लागतात. म्हणून परतीचं तिकीट काढताना दुपारची आणि संध्याकाळी ७ ची सारख्याच भावात दिसत असेल तर ७ ची घ्या.